तोंगश

किटलीचं बटण टक्कन वर आलं.

त्या खोलीत आम्ही तीन मोठी माणसं बसलो होतो. गाओसाहेब सोफ्याच्या कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांच्यासमोर कंपनीच्या एचआरचे देवकर, हातात फोन उलटा धरून. मी मधल्या खुर्चीवर, कारण दुभाष्याची जागा नेहमी मधलीच असते. पाण्याचा खळखळाट थांबला, टक् झालं, तरी कुणी उठलं नाही.

उठली ती आनआन. सात वर्षांची. तिनं ओट्याजवळचं प्लास्टिकचं स्टूल पायानं सरकवलं, वर चढली, दोन्ही हातांनी किटली उचलली आणि कपांत गरम पाणी ओतू लागली. नुसतं गरम पाणी. चिनी घरांत आलेल्याला तेच देतात. देवकरांचा कप, माझा, बाबांचा, आणि मग निळ्या फुलांचा एक चौथा. तो भरून झाल्यावर ती जरा थांबली. मग तिनं तो सिंकमध्ये ओतून टाकला, कप फडक्यानं पुसला आणि जागेवर नेऊन ठेवला.

तो तिच्या आईचा कप होता. आई परवा गेली होती. काल आम्ही तिला विद्युतदाहिनीत पोचवून आलो होतो.

"काय पोर आहे हो," देवकर हळू आवाजात मराठीत म्हणाले.

गाओसाहेबांना ते भाषा न येताही कळलं असावं. सकाळपासून ते पहिल्यांदाच काहीतरी बोलले, तेही मुलीकडे न बघता. फार तोंगश आहे, म्हणाले.

देवकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "समजूतदार आहे, म्हणतात."

हा शब्द मी पुण्यात चिनी शिकत होते तेव्हापासून माझ्या ओळखीचा. दुसऱ्या वर्षाला एक धडा होता, माणसांच्या स्वभावांच्या शब्दांचा. लाजाळू, हट्टी, मनमोकळा, आळशी. मॅडमनी फळ्यावर सगळे लिहिले आणि म्हणाल्या, प्रत्येकीनं आपल्या स्वभावाचा एक उचला आणि त्यावर पाच वाक्यं बोला. मी 'तोंगश' उचलला होता. तोंग म्हणजे कळणं, श म्हणजे गोष्टी. ज्या पोराला मोठ्यांच्या गोष्टी न सांगता कळतात, जे मागत नाही, त्रास देत नाही, ते पोर तोंगश. मोठ्या माणसाला हा शब्द सहसा कुणी लावत नाही. लावलाच तर टोमणा म्हणून. कौतुक म्हणून तो लहान मुलांसाठीच असतो. मी पाच वाक्यं बोलले आणि मॅडम म्हणाल्या, छान, अगदी आतून बोललीस.

शिकून झाल्यावर मला तळेगावजवळच्या त्या कारखान्यात नोकरी लागली. एसीचे कॉम्प्रेसर बनायचे तिथं. मशिनं चिनी, ती बसवणारे इंजिनियर चिनी, चालवणारी पोरं आपली, आणि मध्ये मी. गाओसाहेब नव्या लाइनचे प्रमुख होते. त्यांची बायको सू यिंग मुलीला घेऊन वर्षभरापूर्वीच इथं आली होती. तिला मी यिंगताई म्हणायचे, त्यांच्या भाषेतही तसंच म्हणतात. शनिवारी मी तिच्याबरोबर बाजारात जायचे, भाव करायला. ती मला पीठ मळून पातळ पोळी लाटायला शिकवायची आणि मी म्हणायचे, ताई, हे मला आईच्या पोटातून येतं, दुसरं काहीतरी शिकवा. ती तोंडावर हात ठेवून हसायची.

आनआन वर्षभरापूर्वीपर्यंत आईबापांजवळ राहिलेलीच नव्हती. दोघंही नोकरीसाठी लांबच्या शहरांत, आणि पोरगी हुनानमधल्या एका डोंगराळ गावात आजीपाशी. आईच्या आईला ते वायपो म्हणतात. वायपोनं तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, पहिला दात पाडला. मग सगळं जमून आलं आणि आनआन पहिल्यांदा आईजवळ राहायला आली, ती थेट तळेगावात. आईला ती सुरुवातीचे महिने पाहुण्यासारखी वागवायची. काही हवं असेल तर आधी विचारायची, तुमचं काम झालं का?

मला मावशी म्हणायला मी शिकवलं होतं. तिच्याबद्दलची एक गोष्ट सांगायला हवी. मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. अगदी जवळून बोललं तर येतं, एरवी नाही. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं, दुभाष्यानं सांगू नये अशी ही गोष्ट. बसताना फक्त उजवा कान बोलणाऱ्याकडे येईल असं बसायचे. आनआननं ते कधी पाहिलं मला ठाऊक नाही. पण ओळख झाल्यापासून ती माझ्याशी बोलायला आली की वळसा घालून उजवीकडे यायची. एकदाही चुकली नाही. एकदाही विचारलं नाही.

यिंगताईला डेंग्यू झाला होता. तो आठवडा कारखान्यात मोठ्या गडबडीचा होता. हेड ऑफिसची माणसं आलेली, नवी लाइन त्यांच्यासमोर चालू करायची, गाओसाहेब सकाळी जाऊन घरी नुसते झोपायला यायचे. ताईनं अंगावर काढलं. गावाहून आणलेल्या गोळ्या आणि गरम पाणी. नंतर ताप उतरला आणि तिला वाटलं बरं झालं, आणि त्याच दिवशी ती स्वयंपाकघरात कोसळली. हॉस्पिटलमध्ये मीच होते मध्ये. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? गाओसाहेब म्हणाले, कालपासून असेल, परवा जरा डोकं दुखतंय म्हणाली. डॉक्टरांनी विचारलं, कुठून रक्त वगैरे गेलं? हिरड्यांतून, नाकातून? मी ते चिनीत विचारलं. गाओसाहेब म्हणाले, नाही, तसं काही नाही. आनआन आईच्या सपाता पिशवीत घालून उभी होती. तिनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले, परत गुंडाळले. मी डॉक्टरांना सांगितलं, नाही म्हणतात.

डॉक्टरांनी तीन दिवस करायचं ते सगळं केलं. उशीर झाला होता, एवढंच.

तर त्या रविवारी सकाळी आम्ही बसलो होतो ते वायपोसाठी. दर रविवारी दहा वाजता वायपोचा व्हिडिओ कॉल असायचा. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती, महिन्याभरात ऑपरेशन होतं. घरच्या मोठ्यांनी फोनाफोनी करून ठरवलं होतं की ऑपरेशन होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही. यात त्यांना वावगं काही वाटत नव्हतं. म्हाताऱ्या, आजारी माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, घरी कळवायचं ते चांगलंच कळवायचं, ही त्यांच्याकडची रीतच. आपल्याकडेही सांगत नाहीत म्हणा. फक्त ते ही रीत फार नेटानं पाळतात, वर्षानुवर्षं पाळतात.

देवकर आले होते ते अस्थी नेण्याच्या कागदांसाठी. ते सह्या घेऊन गेले. मग गाओसाहेबांनी आनआनला समोर बसवलं आणि समजावलं. वायपोनं आईला बोलवायला सांगितलं तर म्हणायचं, आई कामाला पुण्याला गेलीय, तिथं फोनला रेंज नाही.

आनआननं थोडा विचार केला. "पुण्याला रेंज असते," ती म्हणाली. "आपण तिथून वायपोला फोन केला होता. आई बाजारात गेलीय म्हणू. फोन घरी विसरून गेलीय."

गाओसाहेब तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

ती पुढे म्हणाली की मावशीही इथंच असू दे, म्हणजे आई बाजारात एकटी का गेली असं वायपो विचारेल, तर मावशीला बरं वाटत नाही म्हणून ती आपल्याकडे बसलीय असं सांगता येईल. नाहीतर आई मावशीशिवाय बाजारात जात नाही.

मला कोकरू कापायला नेताना पाहिल्यासारखं झालं, आणि कोकरू आपल्या पायांनी पुढे चाललंय.

फोन जेवणाच्या टेबलावर स्टँडला लावलेला असायचा. गाओसाहेबांनी कॉल लावला आणि तो वाजायच्या आत आनआननं स्टँड वीतभर फिरवलं. मला कळेना का. मग मी मागं पाहिलं. कपाटावर लाल कापडात गुंडाळलेला अस्थींचा कलश होता. तो चौकटीत आला असता. बापाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

वायपो पडद्यावर आली. बिनबाह्यांचं जाड रजईचं जाकीट, मांडीवर टोपली, लसूण सोलत होती. गालांची हाडं यिंगताईसारखी.

"जेवलीस?" तिनं विचारलं.

"जेवले. टोमॅटो-अंडी. आईनं केली होती," आनआन म्हणाली. आणि जरा थांबून, तोंड वेडंवाकडं करून, "थोडी खारट झाली होती."

वायपो हसली. "तुझी आई मीठ नेहमी जास्तच टाकते."

मग दाताची गोष्ट निघाली. वरचा दात हलतोय, आनआननं तोंड उघडून दाखवलं. वायपो म्हणाली, खालचा असेल तर छपरावर फेकायचा, वरचा असेल तर पलंगाखाली, लक्षात आहे ना? आमच्याकडेही छपरावर टाकतात, मी म्हणाले. माझा आवाज ऐकून वायपोनं टोपली बाजूला ठेवली.

"मुली, तू आहेस होय तिथं," ती म्हणाली. "बरं झालं. तू आहेस ते बरं." मग तिनं मला सांगितलं की आनआन झोपेत गुडघे पोटाशी घेते, तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवायचा. थोपटायचं नाही, नुसता ठेवायचा.

मी हो म्हणाले.

वायपोनं सांगितलं, गोधडीला नवा कापूस भरलाय, डोंगरावर हवा चांगली आहे, ऑपरेशनला भिण्यासारखं काही नाही. आनआननं सांगितलं, शाळेत गणितात पहिली आले, बाबा रोज लवकर घरी येतात, सगळं छान आहे. दोघी हसत होत्या. एक कपाट मागं लपवून हसत होती. दुसरीच्या मागची भिंतही त्या दिवशी वेगळी होती, पण ते मला कॉल संपल्यावर आठवलं. दर रविवारी वायपोच्या मागं यिंगताईचा पदवीच्या झग्यातला फोटो दिसायचा. आज नुसता पांढरा चुना दिसत होता.

फोन बंद झाला. आनआननं श्वास सोडला. "बाजाराचं सांगायची वेळच आली नाही," ती बाबांना म्हणाली. गाओसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोच शब्द परत म्हणाले.

मी त्या घरी कित्येक रविवार जेवले होते. वायपोचा पहिला प्रश्न कधी "जेवलीस?" नसायचा. पहिला प्रश्न असायचा, "तुझी आई कुठंय? बोलाव तिला."

दुपारी माझी आई डबा घेऊन आली. चिंचवडहून, दोन बस बदलून. ज्या घरात माणूस गेलंय तिथं चूल पेटवत नाहीत, शेजाऱ्यांनी द्यायचं, आणि या बिचाऱ्यांना परक्या देशात कोण देणार, असं तिनं मला सकाळीच फोनवर ऐकवलं होतं. पिठलं तिखट लागेल म्हणून तिनं मुगाची खिचडी आणली होती, हिंग-जिरं एवढंच घातलेली. गाओसाहेबांना म्हणाली, खा हो साहेब, खाल्लं पाहिजे, पोरीकडं बघा. मी चिनीत सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि तिला वाकून नमस्कार करत राहिले, तिला काय करावं सुचेना.

आनआननं सगळ्यांना वाट्या दिल्या. आजीला, म्हणजे माझ्या आईला, गरम पाणी दिलं. जेवणं झाल्यावर वाट्या विसळल्या. आई हात धुवायला बाथरूममध्ये गेली आणि बाहेर येऊन पदराला हात पुसत म्हणाली, "बेसिन बघितलंस? आरशासारखं ठेवलंय. मी विचारलं खुणेनं, कोण घासतं, तर म्हणते मी. एवढीशी पोर. किती शहाणी गं."

"आई, नको म्हणूस तसं," मी म्हणाले.

"का? शहाणीला शहाणी नाही म्हणायचं?" आणि तिनं आनआनला जवळ ओढून माझी गोष्ट सांगायला सुरुवात केली, मी चिनीत सांगेन या भरवशावर. मी आठ वर्षांची होते. आईची भोसरीच्या कारखान्यात पहिली पाळी असायची, पहाटे निघावं लागायचं. एकदा रात्रभर माझा कान ठणकत होता. तिची झोपमोड होईल म्हणून मी उशी कानाला दाबून पडून राहिले. सकाळी उशीवर पू आणि रक्त. पडदा फुटला होता. "पण हूं की चूं केलं नाही पोरीनं," आई म्हणाली. तिच्या आवाजात अजून कौतुक होतं. डोळ्यांत पाणीही होतं. ती दोन्ही एकदम आणू शकते.

"काय सांगतात आजी?" आनआननं विचारलं. ती अर्थातच माझ्या उजवीकडे बसली होती.

मी म्हणाले, "मी लहानपणी मूर्ख होते, असं सांगतेय."

ती माझ्या डाव्या कानाकडे बघत राहिली. खूप वेळ.

आईला बसस्टॉपवर सोडून मी परत आले तेव्हा खाली पार्किंगमध्येच माझा फोन वाजला. वायपोचा नंबर. लसणाच्या लोणच्याची कृती विचारायला मी कधीतरी घेतला होता. या वेळी नुसता आवाज होता, चेहरा नव्हता.

"सू यिंग गेली ना?" ती म्हणाली.

मी नुसतं 'वायपो' एवढंच म्हणाले.

"तू बोलू नकोस," वायपो म्हणाली. "तू तिथं नोकरी करतेस. मीच बोलते. ती रोज संध्याकाळी मला फोन करायची, भाजी चिरता चिरता. मग तो फोन बंद झाला. मग जावई फोन करून विचारायला लागला, औषधं घेताय ना, जेवताय ना. तो कधी विचारत नाही. तरी मी मनाला म्हणत होते, काहीतरी दुसरं असेल. आज आनआन म्हणाली, आईनं केलेलं खारट झालं. मुली, सू यिंग मीठ कमी टाकते. मी तिला आयुष्यभर त्यावरून बोलले."

मला पडद्यावरचं तिचं हसणं आठवलं. तुझी आई मीठ नेहमी जास्तच टाकते.

मी तिला विनवलं. म्हणाले, साहेबांना हे सांगा. ते आनआनला शेनझेनला, त्यांच्या मोठ्या भावाकडे ठेवणार आहेत. ती त्या काकाला दोनदा भेटलीय. तुमच्याकडे पाठवली तर तुम्हाला कळेल म्हणून पाठवत नाहीत. तुम्हाला कळलंय म्हटल्यावर पाठवतील. तिला तुमच्याशिवाय कोण आहे आता?

ती म्हणाली, "सांगितलं तर मी रडेन. मी रडले की ती मला सांभाळायला बसेल. पाणी आणून देईल, पाठीवरून हात फिरवेल. स्वतः नाही रडणार. ती तशीच आहे. मीच तिला तशी वाढवलीय." मग म्हणाली, "माझं हे छातीचं होऊ दे. जगले तर माझी मी मागून घेईन तिला. मेले, तर तिच्यासमोर नको."

"पण वायपो..."

"तिला कळू देऊ नकोस मला कळलंय म्हणून. एवढं करतेय ती माझ्यासाठी. ते वाया जाऊ नये."

तिनं फोन ठेवला. मी वर गेले आणि जे सांगू नको म्हणाली होती ते गाओसाहेबांना सांगितलं. आनआनला नाही, त्यांना. ती आत झोपली होती. ते गॅलरीत उभे होते, समोर एमआयडीसीच्या शेड्सची निळी छपरं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यांनी तुला सांगितलं. मला नाही सांगितलं."

"पण त्यांना माहीत आहे."

"मला सांगत नाहीत तोवर त्यांना माहीत नाही," ते म्हणाले. "मी फोन करून म्हणू का, आई, तुम्ही नाटक करताय? ऑपरेशनच्या टेबलावर काही झालं तर? मी यिंगला काय सांगू?"

मी म्हणाले, आनआनला वायपो हवी आहे. ती तुम्हाला म्हणणार नाही, पण हवी आहे.

"मला कुणीच काही म्हणत नाही," गाओसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "यिंगला ताप होता, मला म्हणाली नाही. मी घरी यायचो, चेहऱ्यावर पावडर लावून मला वाढायची. या घरात सगळे फार समजूतदार आहेत. मला कुणी काही सांगत नाही."

ते रडायला लागले. मी त्यांच्यापासून चार हात लांब उभी राहिले, मध्ये, नेहमीच्या जागी. आत आनआन पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. मी जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. थोपटलं नाही. तिचे डोळे मिटलेले होते. पण पाठ झोपलेल्या माणसाची नव्हती.

माझी लेक मनवा आता पावणेतीन वर्षांची आहे. पडली, खरचटलं, की ती आधी माझ्याकडे बघते, रडायचं की नाही ते माझ्या चेहऱ्यावरून ठरवायला. परवा तिचं बोट दारात चेमटलं आणि तिनं ओठ आवळून धरले. सासूबाई म्हणाल्या, बघा किती समजूतदार आहे. मी तिला उचलून आत नेलं आणि म्हणाले, ओरड. मोठ्यांदा ओरड. ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग मलाच रडू आलं. तेव्हापासून दुपारी ती झोपली की मी हे थोडं थोडं लिहितेय.

शेनझेनचं ठरलं ते ठरलंच. गाओसाहेब तिला भावाकडे पोचवून पंधरा दिवसांनी परत कामावर येणार होते. रविवारचे कॉल शेनझेनहून होतील, पण मागं तळेगावसारखा पडदा लावायचा, म्हणजे वायपोला ती भारतातच वाटेल. हेही आनआननंच सुचवलं. तळेगावच्या खिडकीचा पिवळा पडदा तिनं स्वतः काढून घडी करून बॅगेत भरला.

विमानतळापर्यंत मी बरोबर गेले. अस्थींचे कागद कुठं अडले तर बोलायला कुणीतरी हवं होतं. घाटात ढग खाली उतरले होते. आनआन मागच्या सीटवर कलश मांडीवर घेऊन बसली होती, वळणावर दोन्ही हातांनी धरायची. बाबांनी मागितला तर म्हणाली, तुमचा हात दुखेल. एका ठिकाणी ड्रायव्हरनं चहाला गाडी थांबवली. तिनं थर्मासमधून सगळ्यांना गरम पाणी दिलं, ड्रायव्हरलाही. तो म्हणाला, मॅडम, अशी पोर नशिबानं मिळते.

विमानतळाच्या दारातून आत मला सोडणार नव्हते. गाओसाहेब ट्रॉली आणायला गेले. आम्ही दोघी रेलिंगला टेकून उभ्या राहिलो, बॅगा पायाशी. संध्याकाळ होत आली होती. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, एक बाई हमसून हमसून रडत होती आणि तिचा मुलगा लाजून इकडंतिकडं बघत होता. आनआन त्या बाईकडे टक लावून बघत होती. एखाद्या खेळाचे नियम समजून घेत असावी तशी.

मी तिच्यासाठी एक लहान पितळी डबी आणली होती, दात पडला की ठेवायला. ती तिनं दोन्ही हातांत घेतली, आभार मानले. मग म्हणाली की काकांकडं पलंग जमिनीला टेकलेला आहे, फोटोत पाहिलाय, खाली दात टाकायला जागा नाही. पण काही हरकत नाही.

लांबून गाओसाहेब ट्रॉली ढकलत येताना दिसले.

आनआन माझ्या उजवीकडे उभी होती. तिनंही त्यांना पाहिलं. मग ती माझ्या मागून वळसा घालून डाव्या बाजूला आली. वर्षभरात ती कधी तिकडं आली नव्हती. तिनं माझ्या कुर्त्याची बाही धरून मला खाली ओढलं आणि त्या कानाशी तोंड आणलं. जो कान मी तिच्यासमोर कधी पुढे केला नव्हता. तिला वाटलं असेल, इथं सांगितलं तर कुणालाच ऐकू जाणार नाही. मलाही नाही. कुणाला त्रास होणार नाही.

पण इतक्या जवळून मला येतं ऐकू.

"आईच्या दातांतून रक्त यायचं," ती म्हणाली. "रोज सकाळी. आई म्हणाली, बाबांकडं मोठे पाहुणे आलेत, सांगायचं नाही, तू तोंगश आहेस ना. मी बेसिन धुऊन टाकायचे. बाबा उठायच्या आत. काही दिसायचं नाही."

ट्रॉलीची चाकं जवळ आली. तिनं तोंड आणखी जवळ आणलं. तिचा श्वास गरम होता.

"मावशी, मी सांगितलं असतं, तर आई असती?"